बाकीचे साडेदहा तास

शेतातून आलेल्या, चुलीपुढे बसलेल्या, गटाच्या बैठकीत मोबाईल मधोमध ठेवून ऐकणाऱ्या, सगळ्यांना नमस्कार.

आज बोलायचं आहे विमानाबद्दल. तुम्ही म्हणाल, आमच्या गावात सकाळची एसटी वेळेवर येत नाही आणि ही बाई विमानाचं काय घेऊन बसली! पण हा विषय मी काढलेला नाही. तो आमच्या गटातल्या एका वहिनींनी काढला.

त्यांची लेक मुंबईकडे, कल्याणला राहते. तिचं बाळंतपण तारखेच्या आधीच आलं. जावयाचा फोन आला, "आई, विमानानं या. नागपूरहून दीड तास लागतो." वहिनींनी गटातून कर्ज उचललं, तिकीट निघालं. पहाटे पाचला त्या घरून निघाल्या. पुतण्यानं मोटारसायकलवर आर्वीला सोडलं. तिथून एसटीनं नागपूर, मग ऑटोनं विमानतळ. तिथे आधी पोचावं लागतं, म्हणून बसून राहणं, तपासणी, रांग. साडेबाराला विमान उडालं आणि दोनला मुंबईत उतरलं. पुढे सामान, रिक्षा, लोकलची गर्दी. दवाखान्यात पाय ठेवला तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. नात सकाळीच झाली होती. माय-लेकरू सुखरूप होतं, हे महत्त्वाचं.

परत आल्यावर बैठकीत त्या म्हणाल्या, "जवायानं दीड तास सांगतला होता. मले पोचाले पुरे बारा तास लागले. मंग बाकीचे साडेदहा तास कुठी गेले व बाई?"

आम्ही सगळ्या हसलो. पण रात्री मला तो प्रश्न सोडेना. शोधायला लागले, तर उत्तर सापडलं इतिहासात, आणि तेही आपल्याच डोक्यावरच्या आभाळात.

आपल्या आजी-पणजीला किलोमीटर माहीत नव्हते. त्या कोस म्हणायच्या. एक कोस म्हणजे साधारण तीन किलोमीटर. पण त्याहूनही जास्त त्या वेळ सांगायच्या. "माहेर? बैलगाडीनं सकाळी निघालं की दिवेलागणीला." पावसाळ्यात हेच उत्तर बदलायचं, "नाल्याला पूर नसला तर." म्हणजे गाव तेवढ्याच अंतरावर, पण वेळ ऋतूप्रमाणे वेगळी. ही साधी गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. आपण ती विसरलो.

वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला १८६२ मध्ये. सुरुवातीला त्याचं ठाणं पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या गावाच्या जागी वर्धा शहर वसवलं गेलं, आणि पुढच्याच वर्षी, १८६७ मध्ये, मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली. बैलगाडीनं आठवडेच्या आठवडे लागणारी मुंबई त्या रुळांनी जवळ आणली. वर्ध्याहून मुंबई रेल्वेनं साडेसातशे किलोमीटरच्या वर आहे. आजही रात्रीची गाडी धरली की साधारण अकरा-बारा तास लागतात. वहिनींचा विमानाचा प्रवास किती तासांचा झाला होता? बाराच!

आता विमानाकडे येऊ. आपल्या देशात विमानानं आधी पत्रं नेली, माणसं नंतर. १८ फेब्रुवारी १९११ ला अलाहाबादेत आंरी पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकानं साडेसहा हजारांच्या आसपास पत्रं विमानात घेतली आणि यमुनेपलीकडे नैनीला नेऊन उतरवली. अंतर जेमतेम दहा किलोमीटर. आपल्याकडे माणसं तेवढं बाजाराला चालत जायची. तरी जगात सरकारी टपाल विमानानं गेलं ते तिथेच पहिल्यांदा.

मग आलं १९३२. त्या वर्षी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून लहानसं विमान एकट्यानं चालवत अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला आले. सकाळी निघाले, दुपारी पोचले. सोबत फक्त पंचवीस किलो टपाल. कराची ते मुंबई सरळ अंतर पावणेनऊशे किलोमीटरच्या आसपास. त्या प्रवासाची एक गोष्ट सांगतात. अहमदाबादेत विमानाला लागणारं पेट्रोल डब्यांत भरून बैलगाडीनं आणलं होतं. विमान थांबलंय आणि बैलगाडी येतेय! पुढे पावसाळ्यात जुहूच्या मैदानाचा चिखल व्हायचा, तेव्हा विमानांना मुंबई सोडून पुण्याहून उडावं लागे. म्हणजे आभाळातल्या वेगाची दोरी पहिल्या दिवसापासून जमिनीच्या हातात होती.

आता घरातल्या शाळकरी पोराकडून भारताचा नकाशा मागून घ्या आणि एक दोरा घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर ठेवा, दुसरं कोलकात्यावर, आणि दोरा ताणा. तो नागपूरवरून जाईल. आता एक टोक दिल्लीवर आणि दुसरं चेन्नईवर ठेवा. दोरा पुन्हा नागपूरवरूनच जाईल. मुंबईच्या विमानतळापासून कोलकात्याचा विमानतळ सरळ रेघेत साधारण १,६६५ किलोमीटर. नागपूरला उतरून गेलं, तरी अंतर जवळजवळ तेवढंच. दिल्ली ते चेन्नई साधारण १,७६० किलोमीटर. तिथेही नागपूरला उतरल्यानं चार-पाच किलोमीटरच वाढतात. चार दूरची शहरं, आणि दोन्ही रेघा एकमेकींना छेदतात त्या आपल्या शेजारी.

हे तेव्हाच्या लोकांनी हेरलं. जानेवारी १९४९ संपत होता. गांधीजींना जाऊन वर्ष होत होतं. त्या वेळी रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री होते. त्यांच्या काळात रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चारही शहरांतून रोज रात्री टपालाच्या थैल्या आणि थोडे प्रवासी घेऊन एकेक डाकोटा विमान निघायचं. चारही विमानं मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरायची. तिथे थैल्यांची अदलाबदल व्हायची. मद्रासची थैली दिल्लीच्या विमानात, कलकत्त्याची मुंबईच्या विमानात. मग विमानं पुन्हा उडायची आणि उजाडता उजाडता आपापल्या शहरी पोचायची. संध्याकाळी मद्रासला टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत! रेल्वेनं त्याला दोन रात्री लागायच्या.

डाकोटाचा वेग ताशी अडीचशे ते पावणेतीनशे किलोमीटर. हिशोब आपणच करू. मुंबई ते नागपूर ६८० किलोमीटर, म्हणजे अडीच-पावणेतीन तास. दिल्ली ते नागपूर ८५५, म्हणजे सव्वातीन तास. मद्रास ते नागपूर ९१०, साडेतीन तास. कलकत्ता सगळ्यात लांब, ९८५ किलोमीटर, म्हणजे पावणेचार तास.

मुंबईहून नागपूरला सरळ रेघ ओढली, तर ती आर्वी आणि पुलगावच्या मधून आपल्या जिल्ह्यावरून जाते. माझी आजी सांगायची, उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकून निजलं की रात्री एक दिवा घरघरत आभाळातून जायचा. लेकरं उठून बसायची. त्या घरघरीत हजारो घरांचं सुखदुःख होतं.

१ एप्रिल १९४९ पासून आणखी एक मोठी गोष्ट झाली. विमानानं पत्र पाठवायला आधी जास्तीचे पैसे पडत. ते बंद झालं. साध्या तिकिटाचं पत्रही, वेळ वाचत असेल तिथे, देशातल्या देशात विमानानं जाऊ लागलं. श्रीमंताच्या पत्राला पंख आणि गरिबाच्या पत्राला रूळ, असा भेद राहिला नाही.

या वेगाची किंमतही मोजावी लागली. काळोखात उडणं सोपं नव्हतं. डिसेंबर १९५३ मध्ये नागपूरहून मद्रासकडे निघालेलं डाकोटा उडाल्यावर लगेच कोसळलं. तेरा माणसं गेली, फक्त वैमानिक वाचला. आपल्या हातात सकाळी पडणाऱ्या पत्रासाठी कोणीतरी रात्र जागत होतं, जीव धोक्यात घालत होतं, हे विसरू नये.

ही सेवा सत्तरच्या दशकापर्यंत चालली. पुढे मोठी, वेगवान विमानं आली, शहराहून शहराला थेट जाऊ लागली, आणि मध्यरात्रीचा तो नागपूरचा बाजार उठला.

आता माझ्या आजीची गोष्ट सांगते.

आजीचा धाकटा भाऊ रेल्वेत कामाला लागून कलकत्त्याला गेला होता. १९५६ च्या आषाढात तो आजारी पडला. त्याच्या खोलीतल्या सोबत्यानं आजीला पत्र लिहिलं, "तब्येत बरी नाही, तुमची आठवण काढतो, शक्य असेल तर लवकर निघा." ते निळं आंतरदेशीय पत्र आजीनं जन्मभर पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत जपलं. तिच्यामागे ते माझ्या आईकडे आलं, आता माझ्याकडे आहे.

जुन्या पत्रावर दोन शिक्के असतात. जिथून निघालं तिथला आणि जिथे पोचलं तिथला. मैत्रिणींनो, घरात जुनी पत्रं असतील तर ते शिक्के नक्की बघा. तो आपल्या घरचा इतिहास आहे. आजीच्या पत्रावर कलकत्त्याचा शिक्का ९ जुलैचा आहे आणि आर्वीचा ११ जुलैचा. विचार करा. ९ तारखेच्या रात्री ते विमानात चढलं असेल, मध्यरात्रीनंतर नागपूरला उतरलं असेल. नागपूरहून रेल्वेनं वर्धा आणि पुलगाव. पुलगावहून त्या काळी आर्वीला छोटी गाडी धावायची, तिनं आर्वी. कलकत्ता ते आर्वी, दोन दिवस! आजच्या कुरिअरनंही मान खाली घालावी असा वेग.

आर्वीपासून आजीचं गाव चौदा किलोमीटर. मधे नाला. त्यावर पूल नव्हता. आषाढाचा पाऊस लागला होता आणि नाला दुथडी भरून वाहत होता. टपाल घेऊन चालत येणारा माणूस अलीकडच्या काठावर येऊन परत जायचा. त्यानं तरी काय करावं? गावाचा सगळा व्यवहारच पलीकडे अडकला होता.

१६ जुलैला पाणी उतरलं. तो माणूस कमरेइतक्या पाण्यातून, थैली डोक्यावर धरून आला. आजीला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानंच वाचून दाखवायचं असायचं. त्यानं आजीला आधी बसायला सांगितलं. कारण थैलीत पत्रासोबत तारही होती. भाऊ १३ तारखेला गेला होता. "आजारी आहे, या" हे पत्र आणि "गेला" ही तार, दोन्ही एकाच दिवशी, एकाच थैलीतून, एकाच माणसाच्या तोंडून आजीनं ऐकली.

कलकत्ता ते नागपूर ९८५ किलोमीटर, पावणेचार तास. आर्वी ते आजीचं गाव १४ किलोमीटर, पाच दिवस.

आजी कधी विमानाला बोल लावायची नाही, पोस्टमनलाही नाही. ती एवढंच म्हणायची, "आभाळातून आलं माय ते, पण नाल्यात अडकलं." ११ तारखेला पत्र मिळालं असतं तर ती वेळेत पोचली असती का, मला सांगता येत नाही. रेल्वेनं नागपूरहून कलकत्ता म्हणजे अकराशे किलोमीटरच्या वरचा प्रवास होता. पण ती निघाली तरी असती. तिला निघताच आलं नाही, हे दुःख तिच्या मनातून गेलं नाही.

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. साडेदहा तास कुठे गेले? ते कुठेच गेले नाहीत, जमिनीवरच होते. "नागपूर ते मुंबई दीड तास" हे वाक्य खोटं नाही. ते फक्त एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंत खरं आहे. आणि विमानतळावर कोणी राहत नाही. माणूस राहतो गावात, पांदणीच्या पलीकडे, फाट्यापासून आत.

म्हणून कोणी प्रवासाची वेळ सांगितली की आपण आधी विचारायचं, "कुठून कुठपर्यंत?" मग बोटं मोजायची. घर ते फाटा. फाटा ते तालुका. तालुका ते नागपूर. विमानतळावर आधी पोचण्याचे दोन तास. मग ते आभाळातले दीड तास. उतरल्यावर सामानाचा वेळ, आणि तिथून खऱ्या मुक्कामापर्यंतचा वेळ. ही बेरीज करून मग ठरवायचं, गटाचं कर्ज विमानाला घालायचं की रात्रीच्या गाडीला. कोलकाता, बंगळुरू, दिल्ली इतकं लांब असेल तर विमान खरंच दिवस वाचवतं. मुंबईचं मात्र बेरजेनंतर ठरवा.

ज्यांची मुलं आखातात कामाला जातात, त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. तिकिटावर निघायची वेळ इथल्या घड्याळाची असते आणि पोचायची वेळ तिथल्या घड्याळाची. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तिकिटावर मुंबईहून दहा वाजता निघून पावणेबाराला दुबईत पोचणार असं दिसलं, तर ते पावणेदोन तास नसतात, सव्वातीन तास असतात. आपल्याकडे तेव्हा सव्वा वाजलेला असतो. पोराचा फोन पावणेबाराला आला नाही म्हणून काळजीनं जीव टांगणीला लावू नका.

तुम्ही म्हणाल, घड्याळं वेगळी कशाला? सूर्य सगळीकडे एकाच वेळी उगवत नाही म्हणून. आपल्याच देशात कोलकात्याला मुंबईच्या सुमारे तासभर आधी उजाडतं. १९०६ पासून साऱ्या देशासाठी एक वेळ धरली गेली, तरी मुंबई आणि कलकत्ता ही शहरं पुढे कित्येक वर्षं आपापली वेळ पाळत होती.

आता शेवटचं. आजीच्या गावच्या नाल्यावर पूल झाला तेव्हा मी शाळेत होते. आजी काठी टेकत त्या पुलावर गेली होती. मधोमध उभी राहून तिनं खाली बघितलं. मला वाटलं काही बोलेल. ती बोलली नाही. कठड्यावरून एकदा हात फिरवला आणि परत फिरली. रात्रीचं विमान त्याआधीच बंद झालं होतं. पण चौदा किलोमीटरचा रस्ता अर्ध्या तासाचा झाला होता.

वहिनींच्या प्रश्नानंतर आमच्या गटानं एक काम केलं. बचतीच्या वहीची मागची पानं घेतली आणि त्यावर वेळा लिहिल्या. आमच्या गावापासून प्राथमिक आरोग्य केंद्राला किती वेळ, आर्वीच्या दवाखान्याला किती, सेवाग्रामला किती. एका रकान्यात उन्हाळ्याची वेळ, दुसऱ्यात पावसाळ्याची, तिसऱ्यात रात्रीची. १०८ ला फोन केल्यापासून गाडी गावात यायला किती वेळ लागला, ते ज्यांनी अनुभवलं त्यांच्याकडून विचारून लिहिलं. दोन रकान्यांत फार फरक दिसला, त्या जागा ओळखल्या. एके ठिकाणी पांदण रस्ता चिखलात जातो. एके ठिकाणी रपट्यावरून पाणी वाहतं. ती वही घेऊन आम्ही ग्रामसभेत गेलो. "रस्ता वाईट आहे" असं नुसतं म्हटलं की लोक मान डोलावतात आणि उठून जातात. "उन्हाळ्यात वीस मिनिटं, पावसाळ्यात दोन तास, आणि या गावात आत्ता तीन बाया पोटुशा आहेत" असं वाचून दाखवलं, तेव्हा सभा गप्प झाली. ठरावाच्या वहीत तो रस्ता पहिल्या क्रमांकावर लिहिला गेला. काम अजून व्हायचं आहे. आम्ही पाठ सोडलेली नाही.

तुमच्याही पुढच्या बैठकीत ही वही करा. ज्या बाईचं माहेर लांब आहे, जिची सून पोटुशी आहे, जिचा पोरगा परदेशी आहे, तिला आधी बोलू द्या. नवी विमानं येतील, नवे महामार्ग येतील, आणि ते यावेतच. पण आपल्या अंगणापासून त्यांच्यापर्यंत किती वेळ लागतो, हे मोजायला बाहेरून कोणी येणार नाही. ते आपणच मोजायचं आहे.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.